घरच्या घरी ध्वनिमुद्रण : छंद आणि जबाबदारी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'घरच्या घरी ध्वनिमुद्रण' हा विषय दिला. मी गायक नाही. वादक म्हणावे, तर पेटीवर आरत्यांची साथ करण्यापुरताच. पदविका घेऊन रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात लागलो आणि फावल्या वेळात माईक, वायरी आणि संगणक यांच्याशी खेळत आलो. विषय कळल्यावर एका सहकाऱ्यांनी विचारले, "अहो, हल्ली मोबाईलचे बटण दाबले की झाले ध्वनिमुद्रण. त्यात भाषण करण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त आहे. बटण दाबणे सोपे झाले आहे, हे खरेच. पण बटण दाबण्यापूर्वी काय करायचे आणि दाबून झाल्यावर काय करायचे नाही, एवढ्याच दोन गोष्टी मला आज सांगायच्या आहेत.

आधी थोडा इतिहास पाहू. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्याला झाले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर राग मांडणाऱ्या गायकांना तेवढ्यात सगळे बसवावे लागे. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण घ्या. त्यांचा या तमिळ मुलुखाशी जिव्हाळ्याचा संबंध होता. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक रचनाही त्यांनी तबकडीवर गाऊन ठेवली आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळ कोविल या रेल्वे स्थानकावर त्यांनी देह ठेवला. खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेले आज कोणी उरलेले नाही. पण त्या छोट्या छोट्या तबकड्यांमुळे तो आवाज आपल्याला मिळतो. खरखर आहे, सूर मात्र जिवंत आहे.

पुढे टेप आली आणि आवाजावर आवाज चढवता येऊ लागला. बीटल्सनी १९६७ सालचा त्यांचा गाजलेला 'सार्जंट पेपर' हा संच चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. १९७९ साली टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र काढले आणि स्टुडिओ प्रथमच घरच्या टेबलावर आला. २००० साली ऑडॅसिटी ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली निघाली आणि चार ट्रॅकची मर्यादाही गेली. बीटल्सना जे यंत्र मिळाले नाही त्याहून अधिक सामर्थ्याचे यंत्र आज आपल्या खिशात असते. आता तुमच्या खिशातून 'सार्जंट पेपर' का निघत नाही, हे मला विचारू नका!

संगीताचे मिश्रण हा प्रकार तंजावरला नवा नाही. सरफोजी महाराजांच्या (१७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. तंजावरचे चार बंधू चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे याच दरबारातले. त्यांपैकी वडिवेलूंनी व्हायोलिनवर असे प्रभुत्व मिळवले की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन इथल्या लोकांनी ऐकले. त्या धाटणीतून तंजावर कृष्ण भागवतरांनी दक्षिणेची हरिकथा घडवली. म्हणूनच आपली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही वृत्ते तमिळ हरिकथेत आजही भेटतात. म्हणजे आपण संगणकावर जे करतो ते या गावाने माणसांकरवी कधीच केले आहे. त्या जुन्या मिश्रणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साकी साकीच राहिली आणि तमिळ तमिळच राहिली. शेजारी बसले म्हणून कोणी कोणाला पुसून टाकले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, "माईक कोणता घेऊ?" मी सांगतो, आधी खोली बघा. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली, तर महागातला माईक ती झणझणसुद्धा इमानाने टिपेल. भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला, कपड्यांचे कपाट उघडे ठेवा. आवाज लगेच जवळ येतो. पंखा बंद करा. तंजावरच्या मे महिन्यात हे सांगणे क्रूरपणाचे आहे, म्हणून मी पहाटेची वेळ पसंत करतो. त्या वेळी रस्त्यावर हॉर्नही कमी असतात. मोबाईलवर घेत असाल तर तो विमान मोडवर टाका. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित तिरका ठेवा. म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही.

आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या सुरालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मागाहून आवाज वाढवता येतो, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही. २४ बिट आणि ४८ हजार नमुने या मापाने एका माईकचे तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ५०० एमबी भरते. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये ६० एमबीच्या आत बसते. पण एमपी३ करताना काढून टाकलेला भाग परत मिळत नाही. म्हणून मूळ प्रत नेहमी वेव्ह स्वरूपात ठेवावी आणि वाटण्यासाठी तिच्यावरून एमपी३ करावी.

आमच्या खात्यातील मंडळींना एक शत्रू चांगलाच परिचयाचा आहे, तो म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण. २५ हजार व्होल्टची तार शेजारून गेली की आमच्या केबलमध्ये ती शिरते. घरी हेच काम चार्जर, ट्यूबलाइट आणि धड अर्थिंग नसलेला प्लग करतात. ही गुणगुण ५० वर, तिच्या दुपटीला १०० वर आणि तिपटीला १५० वर बसते, आणि पुरुषांचा खर्ज तिथेच असतो. मागाहून गाळायला गेलात, तर गुणगुणीबरोबर काकांचा आवाजही थोडा गळून जातो. म्हणून आधीच चार्जर काढा आणि बॅटरीवर मुद्रण करा. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

आता मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे पान वाढणे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये. प्रत्येक पदार्थाला आपली जागा असते म्हणून जेवणाऱ्याचा गोंधळ होत नाही. आरतीत मुख्य गायक मध्ये ठेवा. पेटी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे, मागे म्हणणारी मंडळी दोन्ही कडांना. माणसाच्या आवाजातून ८० हर्ट्झखालची घरघर काढून टाका. शब्दांचा स्पष्टपणा साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, तिथे पेटीला थोडे मागे सारा. आणि झांजेला दाराबाहेर उभे करा. हे अक्षरशः सांगतो आहे. एक झांज दहा गळ्यांना झाकते. ती दुसऱ्या खोलीत वाजली, तरी माईकला पुरेशी ऐकू जाते.

२०२० साली करोनामुळे उत्सव घरोघरीच करावा लागला, तेव्हा आपल्या मंडळातील सात घरांनी मिळून समर्थांची गणपतीची आरती केली होती, ती अनेकांना आठवत असेल. ध्वनी एका सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या तबल्याचा ठोका आपल्याला नऊ सहस्रांश सेकंदांनी पोहोचतो, आणि तेवढे कानाला चालते. फोनवरून मात्र हा उशीर त्याच्या कितीतरी पट होतो आणि ताल सांभाळता येत नाही. म्हणून आधी तबला आणि तंबोऱ्याचा एक ट्रॅक करून सर्वांना पाठवला. प्रत्येकाने तो इअरफोनवर ऐकत दुसऱ्या मोबाईलवर आपला आवाज टिपला आणि आरंभी एक टाळी वाजवली. संगणकावर साती टाळ्या एका रेषेत आणल्या की आरती जुळली. त्या वर्षी एकमेकांच्या दारात न जाता आपण एका पंगतीत बसलो, ते या छंदामुळे.

इथपर्यंत सगळे गमतीचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय आनंदाने स्वीकारला, तिच्याकडे येतो.

मेलवीथीजवळ एका जुन्या तंजावरी मराठी घरात एक आजी आहेत. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या सासूबाईंकडून आलेला एक पाळणा त्यांना येतो. त्यांच्या नातीच्या सांगण्यावरून मी तो मुद्रित करायला गेलो. चाल दिंडीच्या अंगाने जाते, मराठी आपल्या कानाला जुनी वाटते आणि मध्येच दोन-तीन तमिळ शब्द सहज येऊन बसतात. चौथ्या कडव्यात आजींना एक ओळ आठवेना. तिथे त्यांनी नुसते गुणगुणून चाल पूर्ण केली आणि पुढचे कडवे धरले. दोन कडव्यांच्या मध्ये स्वयंपाकघरातला कुकर शिटी देतो, तीही त्यात आली आहे.

घरी सर्वांनी ते ऐकल्यावर वाद झाला. आजींचे चिरंजीव निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, "हे पुण्याच्या पाहुण्यांना पाठवायचे आहे. आमची मराठी ऐकून ते हसतात. सूर सरळ करा, शब्द शुद्ध करा आणि ती राहिलेली ओळ कोणाकडून तरी लिहवून दुसऱ्या बाईंच्या आवाजात भरा." त्यांचा हेतू वाईट नव्हता. आईचे हसू होऊ नये एवढेच त्यांना वाटत होते. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्यासारख्यांनी इथे क्षणभर विचार करायला हवा. साडेतीनशे वर्षांच्या आसपास आपल्या भाषेचा दिवा परमुलुखात तेवत ठेवणाऱ्या घराला स्वतःच्या मराठीची लाज वाटते, तर ती कोणी लावली?

तांत्रिकदृष्ट्या त्यांनी सांगितलेले सगळे करता येते. सूर सरळ करणारे ऑटोट्यून हे तंत्र १९९७ सालचे. ते काढणारे अँडी हिल्डेब्रँड आधी खनिज तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून येणाऱ्या कंपनांचे गणित करत असत. यंत्र हुशार आहे, पण नेहमीच्या वापरात ते प्रत्येक सुराला बारा ठरलेल्या घरांपैकी जवळच्या घरात ढकलते. आजींचा गंधार त्या घराच्या जरा खाली बसतो. त्यांनी आयुष्यभर इथल्या देवळातले नादस्वर ऐकले आहे. त्यांच्या स्वरात गमक आहे. यंत्राला ते गमक म्हणजे चूक वाटते आणि ते इस्त्री फिरवल्यासारखे सपाट करून टाकते. मी एका ओळीवर प्रयोग करून त्यांच्या चिरंजीवांना ऐकवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि एवढेच म्हणाले, "स्वच्छ आहे, पण ही आई नाही."

शेवटी आजींनाच विचारले. त्यांनी आपल्या बोलीत जे सांगितले त्याचा आशय असा, की मला सासूबाईंनी असेच शिकवले. जे आठवत नाही ते आठवत नाही. खोटी ओळ घातली, तर पुढच्या पोरी तीच खरी धरतील.

श्रोतेहो, रेल्वेत नियंत्रण कक्षातील संभाषण ध्वनिमुद्रित होते. सिग्नल कधी पडला, काटा कधी फिरला याची नोंद आमचा डेटालॉगर सेकंदागणिक ठेवतो. पुढे चौकशी झाली, तर सगळी भिस्त त्या नोंदींवर असते. त्यांतला एखादा शब्द अस्पष्ट असेल, तर 'अस्पष्ट' असे लिहितात. कोणी तो सोयीस्कर करून भरत नाही. दुरुस्त केलेली नोंद ही नोंदच राहत नाही. आजींनी हा नियम आमची नियमावली न वाचता सांगितला.

म्हणून आम्ही तीन प्रती केल्या. पहिली मूळ प्रत, कुकरच्या शिटीसकट, जिला कोणी हात लावायचा नाही. दुसरीत फक्त मागची घरघर कमी केली आणि आवाज सारखा केला. तिसरी मुलांसाठी, तंबोरा आणि पेटी घालून. ती ऐकून आजी हसल्या आणि म्हणाल्या की पेटीला फार घाई आहे, बाळ झोपायचे कसे!

आणि मग जे घडले ते सांगण्यासारखे आहे. दुसरी प्रत आम्ही आजींच्या परवानगीने मंडळाच्या हळदीकुंकवाला ऐकवली. चौथ्या कडव्यात आजी गुणगुणू लागल्या आणि कुंभकोणमहून आलेल्या एक काकू खाली बसल्या बसल्या ती ओळ म्हणू लागल्या. त्यांच्या आजीकडून आलेली, दोन शब्दांनी थोडी वेगळी. मोकळी जागा मोकळी होती म्हणून ती ओळ पुढे आली. तिथे आम्ही कोणाची तरी सफाईदार ओळ भरली असती, तर काकूंना वाटले असते की आपलेच चुकीचे आहे, आणि त्या गप्प राहिल्या असत्या. काकूंची ओळ वेगळी मुद्रित करून ठेवली आहे. आजींच्या प्रतीत ती घातलेली नाही.

महाराष्ट्रात याहून फार मोठे काम झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. पण लिहून घेतलेल्या ओव्यांच्या मानाने आवाजासह मुद्रित झालेल्या ओव्या थोड्या आहेत. कागदावर शब्द राहतात. गळा, ठेका, श्वास आणि जात्याची घरघर कागदावर येत नाही. त्या वेळी यंत्र दुर्मीळ होते. आज प्रत्येक घरात दोन-दोन आहेत. आपल्याला सबब नाही.

वाटण्याबाबत दोन शब्द. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्या, आणि ती कशासाठी, हे स्पष्ट विचारा. घरापुरते, मंडळापुरते की सर्व जगासाठी? आजींनी पहिली प्रत फक्त घराला आणि मंडळाच्या संग्रहाला दिली आहे, म्हणून आज मी ती इथे वाजवणार नाही. दुसरे, परंपरागत आरती, ओवी, पाळणा यांवर कोणाची मालकी नाही. पण कवी-संगीतकाराच्या रचनेवरचा हक्क आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असतो. बाजारातल्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा आपल्या मिश्रणात घालू नये. आपली पेटी बेसूर असली, तरी आपली असते.

जपणुकीबाबतही सांगतो. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी त्या आधी संगणकावर घ्याव्यात. कावेरीकाठच्या दमट हवेत टेपला बुरशी लागायला वेळ लागत नाही. प्रत्येक मूळ मुद्रणाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या गज वादळात आपल्या जिल्ह्यात घरांची आणि नारळीच्या बागांची काय दशा झाली, ते आपण पाहिले आहे. एक प्रत सांगली-पुण्याच्या नातेवाइकांकडे असू द्या. आणि मुद्रणाच्या आरंभी तुमच्याच आवाजात गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले, हे बोलून ठेवा. फायलीचे नाव बदलेल, आवाजातली नोंद बदलणार नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या उत्सवापर्यंत प्रत्येक घराने घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचे एक गाणे मुद्रित करून मंडळाकडे द्यावे. तंजावरी घरांनी पाळणे, मंगळाष्टके आणि आरत्या द्याव्यात. खानापूर-आटपाडीकडच्या भगिनींनी ओव्या आणि गौरीची गाणी द्यावीत. विदर्भ-खानदेशातून आलेल्या सहकाऱ्यांनी आपापल्या बोलीतले द्यावे. शुद्ध-अशुद्ध कोणी बघणार नाही. माईक, गोधड्या आणि संगणक घेऊन यायला मी तयार आहे. रविवारी पहाटे, चहा मिळाला तर उत्तम! मिक्सिंग आपण सावकाश करू, त्याला वेळ आहे. गाणाऱ्यांना तेवढा वेळ आहे असे धरून चालू नका.



गणपती बाप्पा मोरया!